औषध उतरल्यावर सांगा

देऊळगावकर सर खोटं बोलत नसत, आणि त्याचा आम्हा सर्जन मंडळींना फार ताप व्हायचा. सर भूलतज्ज्ञ. स्वतःचा दवाखाना त्यांनी कधी थाटला नाही. गारखेड्यात तेव्हा गल्लोगल्ली छोटी हॉस्पिटलं निघत होती, खाली औषधांचं दुकान, वर आठ-दहा खाटा आणि मागच्या बाजूला एक ऑपरेशन थिएटर. अशा ठिकाणी सर आपल्या जुन्या स्कूटरवरून, पायाशी काळी बॅग ठेवून फिरायचे आणि भूल द्यायचे. माझं हॉस्पिटल त्यातलंच एक. मी पोटाची ऑपरेशनं करायची, सर पेशंटला झोपवायचे आणि झोपेतून परत आणायचे. सगळं गाव त्यांना 'भूलवाले डॉक्टर' म्हणायचं. गावाचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं.

उंच, सडपातळ, इस्त्रीचा फिका शर्ट. आवाज खालचा. नवख्या माणसाला त्यांच्याशी बोलताना अवघडल्यासारखं व्हायचं, कारण ते तोंडाकडे बघतच नसत. नजर समोरच्याच्या छातीवर. झोपवलेल्या माणसांचे श्वास बघून बघून लागलेली ती खोड होती. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या नवरीच्या मामांना ते म्हणाले, "तुम्ही झोपेत फार घोरत असणार. एकदा तपासून घ्या." मामा घास हातात धरून बसले. समोरच्या पंगतीतून सुनंदावहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या ह्यांना माणूस दिसतच नाही हो," मला म्हणाल्या, "भाता तेवढा दिसतो."

भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं. झोपेच्या औषधानं घशाचा पहारा सुटतो, पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातं आणि माणूस दगावतो. आम्ही सगळे पेशंटला विचारायचो, "काही खाल्लं का?" तो म्हणायचा नाही, की संपलं. सरांचं एवढ्यानं भागत नसे. ते खुर्ची ओढून बसायचे आणि फौजदारासारखी उलटतपासणी घ्यायचे. चहा? पाणी? तंबाखू? देवाचा अंगारा तोंडात टाकला? निघताना कुणी हातावर दही-साखर ठेवली? पेशंट कुणी मुसलमान चाचा असले तर, "सुबू दो घूँट पानी बी नई पिये ना?" असं त्यांच्या भाषेत.

करमाडचा एक हर्नियाचा पेशंट होता. सगळ्या प्रश्नांना 'नाय, नाय' म्हणत आला. चहाशी येऊन अडकला.

"चहा घेतला व्हय. म्हाताऱ्या आईनं दिला, नाय कसं म्हणावं?"

"नुसता चहा?"

"नुस्ताच. दोन टोस्ट बुडवले त्यात. अन् निघताना आईनं दही-भात भरवला दोन घास, पोराचं पोट कापणार म्हणून."

"मग खाल्लं नाही असं का सांगितलं?"

"खाल्लं कुठं सर? चहा म्हंजी काय खाणं झालं? अन् भात तर सगुन म्हणून दिला."

सरांनी बॅग बंद केली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. मी वैतागले, कारण त्या दिवसाची सगळी जुळवाजुळव कोलमडली होती. पेशंटचा भाऊ तर हमरीतुमरीवर आला. सर शांतपणे त्याला म्हणाले, "तुम्हाला भाऊ आज हवा की उद्या, एवढंच ठरवा." आणि स्कूटरला किक मारली.

दुसरी त्यांची पद्धत म्हणजे सुई टोचण्याआधी पुढं काय होणार ते सगळं सांगायचं. 'काही होत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. हल्लीचं ते दुधासारखं पांढरं औषध असेल तर सांगायचे, "हातात चांगली जळजळ होईल, वर खांद्यापर्यंत. घाबरायचं नाही, ती औषधाचीच आहे. मग झोप लागेल. श्वास मंद होईल, तो मी बघतो. रक्तदाब उतरेल, तोही मी बघतो." बिचारा पेशंट डोळे विस्फारून ऐकायचा. जुनं, स्वप्नं पाडणारं औषध असेल तर म्हणायचे, "स्वप्नं पडतील, वेडीवाकडी. ती औषधाची, तुमची नव्हेत. मनावर घ्यायची नाहीत."

टँकरची वर्षं होती ती. जायकवाडी तळाला गेलेलं, नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी, आणि जालना रोडच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा वाळून सरपण झालेल्या. माझ्या माहेरची बागही त्यातच गेली. त्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याचा पायाचा गँगरीनचा भाग काढला, सरांनी ते स्वप्नाचं औषध दिलं होतं. शुद्धीवर येता येता तो ओरडायला लागला, "मोटार बंद करा! आरं, मोटार बंद करा कुणीतरी! पाणी लई वाया चाललंय!" विहीर तुडुंब भरलेली दिसत असणार त्याला. सिस्टर हसली. सर त्याच्या कानाशी वाकले, "काका, मोटार चालू नाही. तुम्ही दवाखान्यात आहात. पायाचं ऑपरेशन झालंय." तो ऐकेना, रडायला लागला. सर तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

नंतर हात धुताना मी म्हणाले, "बंद केली म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मग पूर्ण शुद्धीवर आल्यावर विहीर कोरडी आहे हे कुणी सांगायचं? तुम्ही?"

मला राग आला.

सगळ्यात जास्त खटके उडायचे ते एका गोष्टीवरून. दुर्बीण घालून पोट तपासताना सर शिरेतून गुंगीचं एक औषध द्यायचे. ते पूर्ण भूल नव्हे. पेशंट डोळे उघडे ठेवतो, सांगितलं ते ऐकतो, बोलतोसुद्धा. भीती तेवढी जाते. फक्त त्या वेळचं त्याला पुढं काही आठवत नाही. आम्हा डॉक्टरांना वाईट बातमी एकदाची सांगून मोकळं व्हायची घाई असते, आणि गुंगीतला पेशंट फार समजूतदार वागतो. एकदा एका निवृत्त मास्तरांना दुर्बीण काढल्या काढल्या मी सांगितलं, जठरात गाठ आहे, बहुतेक कॅन्सरची. मास्तर म्हणाले, "बरं. जे असंल ते असंल." मला त्यांचं केवढं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर हसतमुखानं विचारतात, "काय निघालं मॅडम काल? अल्सर?"

सरांना हे कळल्यावर ते थिएटरमध्येच माझ्यावर उखडले. "माणूस बोलतो म्हणजे जागा असतो असं नाही. हो म्हणतो, मान हलवतो, प्रश्न विचारतो. आत काही राहत नाही त्याच्या. औषध उतरल्यावर सांगा. आपलं ओझं उतरवायला पेशंटची गुंगी वापरू नका." त्यानंतर माझ्या थिएटरच्या भिंतीवर सिस्टरनं चक्क लिहून लावलं होतं, औषध उतरल्यावर सांगा. इतर हॉस्पिटलांतही सर हाच हट्ट धरायचे आणि त्यापायी काही ठिकाणी त्यांना बोलवायचं बंद झालं होतं.

सुनंदावहिनी त्यांच्या अगदी उलट. बडबड्या, हिशेबी, आणि जन्मजात मुकादम. पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यावर, सरांनी प्लॉट घेतला होता. तिथं घर बांधायचा ध्यास सरांचा नव्हे, वहिनींचा. एकुलती एक मुलगी मेघना पुण्याला दिलेली, तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तेही नव्या घरात, असं वहिनींनी ठरवून टाकलं. ऐन दुष्काळात बांधकाम काढलं. स्लॅब पडला, आता त्याच्यावर रोज पाणी मारायला टँकर. टँकर आला की वस्तीतल्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहायच्या, मागायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. वहिनी मुकादमाला म्हणाल्या, "आधी त्यांच्या घागरी भरू द्या, उरलं ते स्लॅबला मारा."

"बाई, स्लॅब तडकंल."

"तडकू दे. त्याला काही तहान लागत नाही."

याच सुमारास त्यांचं पोट फुगायला लागलं. पोटात पाणी होतं. माझ्या एका फिजिशियन मित्रानं तपासून सांगितलं, पोटाचा क्षय असू शकतो, रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या सुरू करू. वहिनी खूशच झाल्या. क्षय काय, सहा-आठ महिन्यांत खडखडीत बरा होतो. मग रिपोर्ट आले. क्षय नव्हता. अंडाशयाचा कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत गेला होता. कॅन्सरवाल्या डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की औषधांनी फार काही हाती लागणार नाही. सर घरी गेले. वहिनींनी विचारलं, "आला का रिपोर्ट?" सर म्हणाले, "आला. गोळ्या चालू ठेवायच्या." हे खोटं नव्हतं. गोळ्या चालूच होत्या.

मेघनाला तर कळवायचं नाही असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनीच ठरवलं. पोटुशी बाईला असलं काही सांगत नाहीत. तिला एवढंच माहीत, की आईला क्षय झालाय आणि आई घर बांधतेय.

वहिनींचं पोटातलं पाणी अधूनमधून काढावं लागे. ते माझ्याकडेच करायचो. एरवी बांधकामावर शिड्या चढणारी बाई सुईला मात्र फार भ्यायची, म्हणून सर तेच गुंगीचं औषध थोडंसं द्यायचे. पहिल्या वेळी टेबलावर झोपता झोपता वहिनी म्हणाल्या, "बघा बाई, सगळ्या गावाला टँकर, आणि माझ्या पोटात धरण." सिस्टर हसली, मीही हसले. सरांनी औषध सोडलं. मी सुई घालून नळी जोडली, पिवळसर पाणी बाटलीत पडायला लागलं. वहिनींचे डोळे उघडे होते. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या त्या खालच्या आवाजात म्हणाले,

"सुनंदा, ऐक. हा क्षय नाही. कॅन्सर आहे. पसरलाय. तू यातून उठणार नाहीस."

माझा हात थांबला. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मेघनाला माहीत आहे?"

"नाही."

"मग मी इथं काय करतेय? अहो, मला तिच्याकडं न्या. उद्याच गाडी सांगा. मागच्या सीटवर गादी टाकली की मी झोपून येते. मरू दे ते घर. मला तिच्याजवळ राहायचंय."

सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वहिनींच्या छातीकडे बघत बसले. वहिनी रडत रडत हळूहळू डोळे मिटून पडल्या. बाटली भरली, मी पट्टी लावली. तासाभरानं त्या उठून बसल्या, पोट चाचपून म्हणाल्या, "झालं? कळलंसुद्धा नाही मला! अहो, टँकरवाल्याला फोन केलात का? आज स्लॅबला पाणी नाही मारलं."

पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. सर तेच सांगायचे, आणि प्रत्येक वेळी त्या बाईला ते पहिल्यांदाच कळायचं. प्रत्येक वेळी तितकंच रडायची, आणि मुलीकडं न्या म्हणायची. तेच शब्द, गाडी, मागच्या सीटवरची गादी. एकदा म्हणाली, "इतके दिवस का नाही सांगितलंत मला?" सिस्टर तोंड फिरवून बाहेर गेली. माझेही डोळे भरून आले होते आणि हातमोजे घातलेले असल्यामुळे ते पुसता येईनात.

मी सरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "सर, औषध उतरल्यावर सांगा. त्या जातील पुण्याला. अजून नेता येईल."

"सांगणार आहे."

"मी सांगू का?"

"नको. माझी बायको आहे ती, मीच सांगेन. एवढं स्लॅबचं होऊ दे." मग भिंतीला टेकून उभे राहिले. "शुद्धीत तिच्याकडं बघून तोंडच उघडत नाही हो माझं. ती खिडक्यांचं बोलत असते. पाळणा कुठं टांगायचा ते बोलत असते. आणि न सांगता राहिलो तर मला घरात श्वास घेता येत नाही. इथं निदान तिला सांगून होतं."

मला त्यांची कीव आली आणि तितकाच संताप आला. एवढ्या लोकांना सुई टोचण्याआधी सगळं खरं सांगणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला सुई टोचल्यानंतर खरं सांगत होता. मी त्यांना तसं म्हणालेही. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, आणि पुढच्या हॉस्पिटलच्या केससाठी निघून गेले.

स्लॅबचं झालं. मग दारं-खिडक्यांचं निघालं. बोअर घेतली, खोलवर जाऊनही नुसती धूळ निघाली, म्हणून दुसरीकडे पॉइंट बघायचं ठरलं. प्रत्येक वेळी सरांना काहीतरी होऊ द्यायचं असायचं. वहिनी रिक्षात बसून पडेगावला जायच्या आणि खुर्ची टाकून काम बघायच्या. पुढं रिक्षात बसवेना, तेव्हा फोनवरून मुकादमाला झापायच्या. "मेघू यायच्या आत मला किचनची फरशी पाहिजे." मेघना तिकडून म्हणायची, "आई, मी आत्ताच येऊ का?" तर ह्या म्हणायच्या, "अगं, इथं पाण्याची बोंब आहे, घरभर सिमेंट. सातव्यात ये. सगळं तयार ठेवते."

नंतर त्यांना पुण्याला नेण्यासारखं राहिलं नाही. अंगावर काविळीची छटा आली, बोलणं तुटक झालं. पाणी काढायला शेवटचं आणलं तेव्हा सरांनी औषध भरलं आणि तसंच ठेवून दिलं. लागतच नव्हतं. वहिनी तशाच गुंगीत होत्या. सर काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात त्या गेल्या.

त्यानंतर देऊळगावकर सर कुठल्याच थिएटरात आले नाहीत. कुणी बोलवायला गेलं तर सरळ सांगायचे, "मला आता ते जमणार नाही." काही महिन्यांनी ते कोकणात भावाकडे राहायला गेले, तिथंच आहेत म्हणतात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वहिनींच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी. मी भेटायला गेले होते. सर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. मेघना आलेली होती. अशा दिवसांत सुतकाच्या घरी जायचं नाही म्हणून सासरी अडवलं होतं, तरी हट्टानं आलेली. सहावा संपत आला होता, पाय सुजलेले. जमिनीवर सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. आईला काय झालं होतं ते तिला आता सगळ्यांनी सांगितलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कधी खोटं बोलत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. आईला माहीत होतं?"

सरांनी मान वर केली. पहिल्यांदाच मी त्यांना कुणाच्या थेट डोळ्यांत बघताना पाहिलं.

"हो. मी सांगितलं होतं तिला. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं."

"तिला कळलं होतं?"

"कळलं होतं. रडली होती."

मेघना सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मग ती माझ्याकडं का नाही आली? मला का नाही बोलावलं? मी तर येते म्हणत होते. मरणार हे माहीत असून ती मला सातव्यात ये म्हणाली?"

मी सरांकडे बघत होते. मला वाटलं, आता सांगतील. आता तरी सांगतील, की तुझी आई दरवेळी तुझ्याकडंच यायला निघाली होती. त्यांचे ओठ हलले. आतल्या खोलीत कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत होता.

"घराचं काम चालू होतं," सर म्हणाले.

मेघना "बरं" म्हणाली. मग भिंतीचा आधार घेत उठली, आत गेली आणि बॅग भरायला लागली. सर तिला थांबवायला उठले नाहीत.